कोल्बीनं सोडलेला झेल

मी चेंडू बोलतोय. अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे गोल नाही, दोन्ही टोकांना निमुळता. जमिनीवर पडलो की कुठल्या बाजूला उसळेन ते माझं मलाही सांगता येत नाही. लोक म्हणतात, हा याचा दोष. मी म्हणतो, मग पाडता कशाला? झेला ना!

माझा सगळा स्वभाव या एका शब्दात आला. झेलण्यासाठीच माझा जन्म आहे. मला कुणी झेलायचं आणि कुणी नाही, हा मात्र वादाचा विषय आहे, आणि त्या वादात कोल्बी स्टेनव्हिक नावाच्या मुलाचं कॉलेजातलं खेळणं जवळजवळ बुडालं होतं. ती गोष्ट मीच सांगतो. बाकीचे सांगतात तेव्हा फक्त हसतात.

ओहायोतल्या एका कारखान्यात एका बाईनं गाईच्या कातड्याचे चार तुकडे यंत्रावर शिवले, तेही आतली बाजू बाहेर ठेवून. मग मला वाफेवर मऊ केलं आणि एका दांडग्या माणसानं मला एका फटीतून अख्खाच्या अख्खा उलटून सुलटा केला. त्याला घाम फुटला. "निघ बाबा एकदाचा," तो म्हणाला. या जगात माझं स्वागत झालं ते असं. फटीवर पांढरी नाडी ओवली, पोटात हवा भरली, आणि आपण कुणीतरी आहोत असं मला एकदम वाटलं. ते वाटणं अजून उतरलेलं नाही.

मोंटानाच्या पूर्वेला, रेडवॉटरच्या शाळेत मी आलो. तिथे अकरा पोरं जमवायची म्हणजे मुख्याध्यापकांना आणि आचाऱ्यालाही मैदानात उतरवावं लागलं असतं. म्हणून त्या भागात सहा जणांचा खेळ चालतो. अकरांच्या खेळात पुढच्या फळीतल्या पाच धिप्पाड गड्यांनी नुसती ढकलाढकली करायची. पुढे फेकलेल्या चेंडूला त्यांनी शिवायचंसुद्धा नाही, असा नियमच आहे. सहांच्या खेळात असली भानगड नाही. जो मैदानात आहे, तो मला झेलू शकतो. वाकून दोन पायांमधून मला मागे टाकणारा गडीसुद्धा. यापेक्षा सरळ न्याय मी अजून पाहिलेला नाही.

संघात एकच मुलगी होती, मार्नी स्टेनव्हिक. तिची लाथ बसली की मी मैदानाच्या टोकाला रोवलेल्या दोन खांबांच्या मधून सुटून पलीकडच्या कापलेल्या गव्हाच्या रानात जाऊन पडायचो. उन्हाळ्यातल्या सरावासाठी कोचनं मला तिच्या हवाली केलं आणि मी स्टेनव्हिकांकडेच राहिलो. परत मागायला कुणी आलं नाही.

लाथेचा सराव एकटीनं होत नाही. कुणालातरी वाकून चेंडू मागे टाकावा लागतो, कुणालातरी तो पकडून जमिनीवर उभा धरावा लागतो. धरायला बाप होता, आर्ने. टाकायला उरला धाकटा भाऊ कोल्बी, नऊ वर्षांचा, सगळा गुडघे आणि कोपरं. सुरुवातीला त्यानं मला कुंपणावर टाकलं, वाळत घातलेल्या चादरींवर टाकलं, कुत्र्याच्या डोक्यात टाकलं.

"अरे ए," मार्नी ओरडायची, "मी इथे आहे. कुत्रा लाथ मारणार नाहीये!"

"तुझ्यापेक्षा सरळ मारेल," आर्ने म्हणायचा.

"तुम्ही नीट धरा आधी, बाबा."

"मी नीटच धरलाय. तू माझं बोट जप. ट्रॅक्टरचा गिअर त्याच बोटानं पडतो."

महिन्याभरात कोल्बीचा हात बसला. मी त्याच्या पायांमधून सुटायचो तो स्वतःभोवती गरगर फिरत, एका रेषेत, थेट आर्नेच्या तळव्यात. मला तो प्रवास फार आवडायचा. छोटा, पण त्यात एक तसूभर चूक नसायची.

मार्नीनं त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. "टाकलास म्हणजे काम संपलं नाही. टाक आणि पळ. हात वर कर. मागे टाकणाऱ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून तोच मोकळा सापडतो." कोल्बीनं ते इतकं अंगात मुरवलं की पुढे शाळेच्या संघात आल्यावर त्याला विचार करावाच लागत नसे. मागे टाकलं की पाय आपोआप सुटायचे. समोरचे भांबावायचे, आणि हा मैदानाच्या शेवटच्या पट्टीत, जिथे मला झेललं की गुण मिळतात तिथे, एकटाच हात वर करून उभा. मैदानाभोवती पिकअप गाड्या लावून बसलेले लोक हॉर्न वाजवायचे. त्या गावात टाळ्या वाजवत नाहीत, हॉर्न वाजवतात. थंडीत हात खिशातून कोण काढणार?

शाळा संपली तेव्हा एकाही कॉलेजनं त्याला बोलावलं नाही. तरी तो गेला. डोंगराकडच्या कॉलेजच्या मैदानावर मला काखेत मारून उभा राहिला आणि कोच प्रुएट यांना म्हणाला, "मी चेंडू मागे टाकतो."

प्रुएट म्हणजे बारीक चणीचे, कायम सर्दी झालेले गृहस्थ. लाथेच्या चालींचं सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांनी नाक पुसलं. "कुठला तू?"

"रेडवॉटर."

"संघात किती पोरं होती?"

"नऊ. वासरं बाजारात न्यायचे दिवस असले की सात."

बाजूला उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. "म्हणजे अर्धाच खेळ खेळलाय हा!" एक जण म्हणाला, आणि तिथेच कोल्बीचं बारसं झालं. अर्ध्या. पुढे महिनोन् महिने त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

पण त्यानं मला मागे टाकलं, एकदाच. मी प्रुएट यांच्या हातात जाऊन असा बसलो की त्यांना हात हलवावाच लागला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. "उद्या ये," एवढंच म्हणाले.

पहिलं वर्ष नुसतं सरावात गेलं. दुसऱ्या वर्षी जागा मिळाली. धरणारा होता टेव्हिन, त्याच्याच खोलीत राहणारा, बडबड्या आणि दिलदार. सामन्यात माझ्यापेक्षा तरणे चेंडू वापरायचे. मी कडेला. मैदानात जाण्याआधी कोल्बी मला टेव्हिनकडे चार-दोनदा टाकायचा, मग बाकावर ठेवून जायचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हात मीच तापवून देत होतो, हे मला ठाऊक होतं.

कोल्बीला दुसरं काही नको होतं. शनिवारी त्या अकरांमध्ये वाकून उभं राहायला मिळावं, बस्स. या कामात नाव होत नाही. लाऊडस्पीकरवर लाथ मारणाऱ्याचं नाव घेतात, कधीमधी धरणाऱ्याचं. टाकणाऱ्याचं नाव घेतलं तर समजावं की काहीतरी बिघडलं.

त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात ते नाव घेतलं गेलं.

समोर डोंगरापलीकडचं कॉलेज, ज्यांच्याशी हरलं की कॉलेजच्या गावातले न्हावीसुद्धा आठवडाभर बोलत नाहीत. बर्फाची भुरभुर चाललेली. आम्ही दोन गुणांनी मागे, आणि घड्याळात एका चालीपुरताच वेळ. लाथ खांबांमधून गेली की तीन गुण आणि सामना आमचा. रेडवॉटरहून शाळेची बस भरून माणसं आली होती. मार्नी होती, आर्ने होता.

कोल्बीनं चेंडू टाकला तो सुरेख टाकला. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पुढे ते सगळेच विसरले. टेव्हिनची बोटं गारठली होती. त्याच्या हातून तो निसटला.

"आग!" टेव्हिन ओरडला. "आग! आग!"

आमच्याकडे त्या हाकेचा अर्थ एकच. लाथेची चाल फसली, आता धरणारा चेंडू घेऊन पळेल आणि सापडेल त्याच्याकडे फेकेल. ज्यांना झेलायची मुभा आहे त्यांनी धावत सुटायचं, ज्यांना नाही त्यांनी जागेवर उभं राहून शत्रूला अडवायचं. उजव्या टोकाचा केंड्रिक सुटला. तो शेवटच्या पट्टीत पोचला, एकदम मोकळा. टेव्हिननं त्याला पाहिलं आणि फेकला.

मधे एक हात आला.

कोल्बीचे पाय कधी सुटले ते त्यालाही कळलं नव्हतं. टाक आणि पळ. त्यानं उडी मारून केंड्रिकच्या पुढ्यातून तो चेंडू उचलला आणि छातीशी धरून पट्टीत पडला. असला देखणा झेल त्या मैदानानं पाहिला नसेल. सगळं स्टेडियम उठलं. आणि मग हिरवळीवर पंचांचा पिवळा रुमाल पडला, नियम मोडल्याची खूण. लाऊडस्पीकरवर कोल्बीचं नाव आलं: झेलायला मनाई असलेला गडी, गुण रद्द. घड्याळ तर संपलेलंच होतं.

स्टेडियम गप्प झालं. एकच कोपरा ओरडत राहिला. रेडवॉटरची माणसं नाचत होती, एकमेकांच्या पाठी बडवत होती, कुणीतरी बसमध्ये जाऊन हॉर्नवर बसलं होतं. त्यांच्या लेखी टाकणाऱ्यानं झेललं होतं, मग प्रश्नच काय! कुणीतरी मागून सांगेपर्यंत त्यांना कळलंच नाही. तो हॉर्न किती वेळ वाजत होता, ते मला विचारू नका. मी बाकावरून ऐकत होतो आणि कोल्बी मैदानाच्या मधोमध उभा राहून ऐकत होता.

कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "अर्ध्या, एवढा चेंडू हवा होता तर दुकानातून घ्यायचास." कुणी हसलं नाही. केंड्रिक जवळ आला. "माझी आई पहिल्यांदाच बघायला आली होती," तो म्हणाला. "मी हात वर केले होते. तिनं पाहिले." आणि निघून गेला.

बाहेर गाड्यांपाशी मार्नी उभी होती.

"नियम वाचला नव्हतास का रे?"

"वाचला होता," कोल्बी म्हणाला. "पायांनी वाचला नव्हता."

"मग आता पायांना वाचून दाखव."

"मी घरी येतो. बास झालं."

आर्ने गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. मान वर न करता म्हणाला, "ये की. पण जानेवारीत आपल्याकडे बर्फ उपसण्याशिवाय काम नसतं, आणि ते मला एकट्यालाच पुरत नाही."

मार्नीनं भावाच्या डोक्यावरची टोपी कानांवर ओढली. "त्या टोकाच्या मुलाची माफी माग. बाकी कुणाची मागत बसू नकोस."

त्यानं मागितली. केंड्रिकनं ऐकून घेतलं आणि बुटाची नाडी बांधत राहिला. सोमवारी प्रुएट यांनी कोल्बीला बोलावलं.

"तुझा हात उत्तम आहे. तुझ्या पायांवर माझा भरवसा नाही. यापुढे दुसरा मुलगा टाकेल."

"आणि मी, कोच?"

"सरावाला ये. नाही आलास तर मी शोधायला येणार नाही." आणि त्यांनी नाक पुसलं.

मला विचाराल तर मी भयंकर चिडलो होतो. कोल्बीवर नाही, नियमावर. पाच माणसं तासभर अंगावर मार खातात, त्यांच्या आडोशानं बाकीचे नाव कमावतात, आणि त्या पाचांनी मला झेललं तर गुन्हा? कुणी ठरवलं हे? कोल्बीनंही असंच म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "बाकी दहांना माहीत होतं मी कुठे असेन. मी तिथे नव्हतो." एवढ्यावर त्यानं विषय मिटवला आणि मला चूप बसवलं.

पुढच्या रविवारी टेव्हिन आपल्या खाटेवर बसून म्हणाला, "चेंडू आधी माझ्या हातून सुटला. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तुझ्यामुळे मी वाचलो, यार."

"मग फेड ते."

"कसं?"

"माझ्या मागे 'आग' ओरडत जा. कधीही. कुठेही. मी हललो तर सांग."

टेव्हिनला एवढंच हवं होतं. तो वर्गाच्या दारात ओरडला, जिन्यात ओरडला. जेवणाच्या रांगेत ओरडला तेव्हा मी कोल्बीच्या काखेत होतो. त्याचे पाय पुढे सुटले आणि ताटातला बटाट्याचा लगदा पुढच्या मुलीच्या पाठीवर गेला. ती वळून म्हणाली, "आग कुठे आहे?" टेव्हिन म्हणाला, "विझवतोय, बाई, विझवतोय."

सगळा हिवाळा व्यायामशाळेत आमचा तिघांचा तोच खेळ. कोल्बी वाकायचा, मला टाकायचा, टेव्हिन मला मुद्दाम पाडायचा आणि ओरडायचा. कोल्बीच्या पोटऱ्या थरथरायच्या. पहिल्यांदा पाऊल पुढे पडायचं, मग अर्धंच पडायचं, मग नुसती टाच उचलायची. जमिनीवर आडवा पडून मी ती टाच बघायचो. खरं सांगतो, मनातल्या मनात मी म्हणायचो, पळ! अरे, पळ! मी चेंडू आहे. मला दुसरं काय म्हणता येणार?

वसंत आला, मैदानाचा चिखल झाला, संघाचा सराव सुरू झाला. टाकायला नवा मुलगा होता. कोल्बी कडेला. एका दुपारी प्रुएट चालत आले आणि टेव्हिनच्या हातातून मला घेतलं. बोटांनी नाडी चाचपली. "हा त्याचा घरचा चेंडू ना?"

"हो, कोच."

ते खालच्या आवाजात बोलले, पण मी त्यांच्या हातातच होतो. "आता त्याला आत घेतो. याच चेंडूवर. तू पाड, 'आग' ओरड. आणि मग केंड्रिककडे फेकू नकोस. कोल्बीकडेच फेक. हळू. अगदी हातात पडेल असा."

टेव्हिनचा चेहरा पडला. "कोच, हा दगा झाला."

"सामन्यात समोरचे याहून वाईट करतील. झेलला तर त्याला घरी जाऊ दे. पडू दिला तर जागा त्याची. आणि सांगितलंस त्याला, तर तूही घरी."

मी हे ऐकलं. सगळं ठाऊक, आणि तोंड नाही! असली अडचण तुमच्यावर कधी येऊ नये.

"स्टेनव्हिक!" प्रुएट ओरडले. "आत ये. तुझाच चेंडू घे."

सगळा संघ थांबून बघायला लागला. कोल्बी वाकला. त्याची बोटं माझ्या नाडीवर बसली, नऊ वर्षांचा असताना बसायची त्याच जागी. मी सुटलो. गरगरत, एका रेषेत, टेव्हिनच्या तळव्यांत. टेव्हिननं मला पाडलं.

"आग!"

समोरचा आडदांड गडी कोल्बीवर चालून आला. कोल्बीनं त्याला खांद्यानं अडवलं आणि जागा सोडली नाही. चिखलात त्याचे बूट घोट्यापर्यंत रुतले. उजवीकडे केंड्रिक धावत सुटला होता, हात वर, "इकडे! इकडे!" टेव्हिननं मला उचललं. त्याचा हात क्षणभर अडखळला. मग त्यानं मला फेकलं.

मी इतका हळू कधी उडालो नव्हतो. समोर कोल्बीची छाती होती. त्यानं त्या गड्याला बाजूला सारलं होतं, त्याचे हात मोकळे होते, आणि त्यानं मला पाहिलं. दहा वर्षं मी त्या हातांत गेलोय. कुंपणावरून, चादरीवरून, बर्फातून, हॉर्नच्या आवाजात. मला त्याच्याशिवाय दुसरं काही नको होतं. आणि त्यालाही मी हवा होतो, हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं. ती उघडली.

मग मिटली.

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. मी त्याच्या छातीवर आदळलो आणि चिखलात पडलो.

कुठल्याही बाजूला उसळलो नाही. तिथेच, त्याच्या बुटांपाशी रुतून बसलो.

प्रुएट यांनी रुमाल काढला, नाक पुसलं, पुन्हा खिशात घातला. "हंगाम सुरू झाला की शनिवारी तू," ते म्हणाले आणि पाठ फिरवून निघून गेले.

केंड्रिक धावत परत आला. त्यानं मला चिखलातून उचललं, स्वतःच्या सदऱ्याला पुसलं आणि कोल्बीच्या हातात दिलं. "घे, कोल्बी," तो म्हणाला. "आता धर."

त्यानंतर दोन हंगाम कोल्बीनं मागे टाकलं. स्टेडियमच्या लाऊडस्पीकरवर त्याचं नाव एकदाही आलं नाही. मी कडेच्या बाकावर बसून ती शांतता ऐकली आणि अभिमानानं फुगलो, पंपाशिवाय. यंदा मे महिन्यात तो पदवी घेऊन बाहेर पडला.

आता माझी नाडी झिजली आहे, शिवण एका टोकाला उसवली आहे, हवा हळूहळू जाते. कोल्बी आठवड्याला भरतो. बोलून काही उपयोग होतो असं नाही, पण जाता जाता बोलून टाकतो. अहो नियम करणाऱ्यांनो, पुढच्या फळीतल्या त्या पाचांना एकदा तरी मला झेलू द्या! आभाळ कोसळणार नाही. रेडवॉटरला ते केव्हाचंच चालू आहे आणि तिथलं आभाळ तर भलतंच मोठं आहे.

कोल्बी म्हणतो, नियम म्हणजे नियम. आणि त्यानं तो पाळला, मला चिखलात टाकून पाळला. मी तो मानत नाही, आणि मानणारही नाही. या एका गोष्टीवर आमचं पटत नाही. बाकी आमचं उत्तम चाललंय.